वाळवणातल्या सतरा थाळ्या

आये,

आज चैत्रातली अवस. आपल्या घरात अवसेला जातं फिरवत नाहीत, हे मी साफ विसरून गेलो होतो. काकीने आठवण करून दिली. ऊन वर आल्यावर मी जात्याच्या दोन्ही दगडी तळ्या खळ्यात आणल्या. आणल्या म्हणजे घरंगळवल्या. एकदा उचलून बघायला गेलो, तेव्हा काकी ओट्यावरून म्हणाली, ठेव ती खाली, नायतर तुलाच उचलाया मानसं बोलवावी लागतील. आता त्या उन्हात तापत पडल्या आहेत आणि मी फणसाच्या सावलीत बसून तुला लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं. मुंबईहून आलेली माझी पत्रं तू काकीच्या मुलीकडून वाचून घ्यायचीस, आणि वाचणारी तिसरी आहे म्हटल्यावर मी पत्रात खुशाली आणि पाऊसपाणी याच्यापुढे कधी गेलो नाही. आज मध्ये कोणी नाही. त्यामुळे तुला जाऊन एकवीस वर्षं झाली असली तरी आजच लिहायला जरा मोकळं वाटतंय.

मी लिफ्टमन होतो, हे तू सगळ्या वाडीला सांगायचीस, पण लिफ्ट म्हणजे काय ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. जाळीच्या दाराचा पिंजरा, आत एक स्टूल, आणि दिवसभर खाली-वर. त्या जुन्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक परदेशी साहेब राहायचा. जहाजाच्या कंपनीत होता. दुपारी तो घरी असला की रेकॉर्ड लावायचा, आणि तो आवाज लिफ्टच्या पोकळीतून थेट तळमजल्यापर्यंत उतरायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं कोणीतरी पेटी वाजवतंय. आपल्या भजनातली पेटीच, पण तिला कोणी डोंगराएवढा भाता लावलाय. सूर नुसता लांबत नव्हता, गरगरत होता. खाली ढोलाचा ठोका असा पडायचा की स्टुलावर बसल्या बसल्या माझी टाच हलायला लागायची. मी सहाव्या मजल्यावर लिफ्ट उगाच थांबवून ठेवायला लागलो. खालचे लोक घंट्या मारून बेजार. एकदा साहेबाने दार उघडलं आणि मला तसा उभा बघितला. ओरडला नाही, आत बोलावलं आणि कव्हर हातात दिलं. त्यावर काळा चष्मा घातलेला एक काळासावळा माणूस, समोर देवघराएवढी पेटी. साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, हा माणूस दोन हातांनी वाजवतो आणि खालचा खर्ज पायांनी वाजवतो, चौघांचं काम एकटा करतो. मला तू आठवलीस. हसू नको, खरंच आठवलीस.

पुढे साहेबाची बदली झाली. जाताना त्याने सतरा रेकॉर्ड एका खोक्यात घालून मला देऊन टाकल्या. माझ्याकडे वाजवायचं यंत्र नव्हतं, आणि गाववाल्यांच्या खोलीत माणसाला एक ट्रंक ठेवायची मुभा, सतरा रेकॉर्ड कुठे ठेवणार. म्हणून खोका एस्टीने पोलादपूरला आणि तिथून डोक्यावर वाडीत आला. तू एकेक रेकॉर्ड हातात घेऊन आडवी धरलीस, उभी धरलीस, मधल्या भोकातून माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, ह्यात काय हाय? मी म्हटलं, पेटी हाय, ढोल हाय, एक पिपाणीवाला पण हाय. तू म्हणालीस, मंग गप कशी ऱ्हातात? त्या दिवसापासून त्या तुझ्या बोलण्यात बाबूच्या थाळ्या झाल्या. तू त्या माळ्यावर ठेवल्यास, बियाण्याशेजारी, म्हणजे तुझ्या हिशोबी घरातल्या सगळ्यांत मानाच्या जागी. त्या पावसाळ्यात गणपतीला मी घरी आलो तेव्हा कव्हरांवर पांढरी बुरशी चढली होती. मी ती पुसली, सांभाळून ठेव असं काहीतरी तुला बोललो आणि सुट्टी संपल्यावर परत गेलो.

मे महिन्यात मी पुन्हा आलो तो यंत्र घेऊनच. इमारतीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांचं जुनं दिलं होतं. तुला थाळ्यांतला आवाज ऐकवायचा म्हणून चढणीवर मी कुठे टेकलो नाही. खळ्यात पोचलो. तिथे तुझं वाळवण पसरलेलं होतं. एका बाजूला आमसुलं, एका बाजूला कुरडया, मध्ये बियाण्याचं भात, आणि कडेने, धुतलेल्या लुगड्यावर ओळीने मांडलेल्या, माझ्या सतराच्या सतरा रेकॉर्ड. एकही सपाट राहिली नव्हती. काहींचे काठ वर वळून पानाच्या द्रोणासारखे झाले होते, काही लाटेसारख्या. तू पदराला हात पुसत आलीस. तुझ्या चेहऱ्यावर काय आनंद होता! म्हणालीस, बघ बाबू, कशा चकाकतायत, यंदा बुरशी धरली तर सांग.

आणि मी ओरडलो. खळ्यात, काकीसमोर, वाटेवरून पाणी घेऊन चाललेल्या बायांसमोर. अडाणी ती अडाणीच, म्हणालो. तुला काय कळतंय त्यातलं, फेकून दे आता सगळ्या, म्हणालो. तू खाली बसलीस आणि एकेक थाळी लुगड्यात गोळा करायला लागलीस, वाकलेला काठ बोटाने खाली दाबत. सोडलास की तो परत वर यायचा. मी यंत्र उघडलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते तसंच परत घेऊन गेलो, आणि त्यानंतर त्या थाळ्यांचं नाव आपल्या दोघांत कधी निघालं नाही. तू फेकल्यास असंच मी धरून चाललो.

पुढचं तुला थोडं ठाऊक आहे, बरंचसं नाही. त्या सतरांची कव्हरं मला पाठ होती. त्याच पुन्हा मिळवायच्या या हट्टाने मी चोरबाजारात, रद्दीवाल्यांकडे, जुनी घरं रिकामी करणाऱ्यांकडे फिरायला लागलो. त्या काही मिळाल्या नाहीत, पण त्यांची भावंडं मिळत गेली. हॅमंड ऑर्गन म्हणतात त्या पेटीला, आणि त्या संगीताला सोल-जॅझ, हे कळलं. ती वाजवणारे बहुतेक जण देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून आलेले, हेही कळलं. साठ सालाच्या रेकॉर्डवर सूट घातलेली माणसं दिसतात आणि सत्तरच्या पुढच्यांवर डोक्याएवढे केस आणि रंगीत सदरे, आणि ढोल जास्त ठसक्यात येतो. कव्हराचा पुठ्ठा जाड की पातळ, मधल्या कागदाचा रंग कोणता, शेवटच्या रेघेपुढे कोरलेले आकडे कोणते, यावरून मूळ छपाई ओळखायला मी शिकलो. नववी नापास माणूस भिंग लावून ते आकडे वाचतो, हे बघून महाडात लोकांना मोठी करमणूक आहे. लिफ्ट बटणांची झाली तेव्हा मी महाडला येऊन पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं, वर राहायला दोन खोल्या. तिथे आता चारशेच्या वर रेकॉर्ड आहेत. भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण आहे, तिच्या चार हात वर मी फळ्या मारल्या आहेत. तुझी सून म्हणते, पूर आला तर माणसं खालच्या फळीवर आणि थाळ्या वर.

वर्षातून एकदोनदा पुण्याला आमच्यासारख्या संग्राहकांची बैठक असते. सगळे शिकलेले, त्यात मी एक दुकानदार. तिथे मला मान मिळाला तो एका गोष्टीमुळे. माझ्या आईने सतरा सोल-जॅझ रेकॉर्ड आमसुलांबरोबर वाळत घातल्या, ही गोष्ट. ती मी रंगवून सांगतो. तुझा पदर, तुझं ते 'कशा चकाकतायत', सगळं. लोक हसून लोळतात. दर वेळी नवा माणूस आला की म्हणतात, ती वाळवणाची सांगा. तीस वर्षं मी ती सांगतो आहे. त्यात तुझ्यावरची माया असते, असं मी स्वतःला सांगत आलो.

मध्येच आणखी एक आठवलं. तू जायच्या दोनतीन वर्षं आधी तुझा उजवा खांदा फार दुखायचा. मी तुला महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याच्या कुंडावर नेलं होतं. तू काठावर बसून खांद्यावर ओंजळीने पाणी घेत होतीस, आणि मी विचारलं, या वयात एवढं काय उचलतेस? तू म्हणालीस, असंच, उन्हाळ्यात एक दिवस जरा वजन पडतं. मी म्हटलं, नको उचलू. तू म्हणालीस, आता थोड्याच ऱ्हायल्यात. मला वाटलं लाकडाच्या मोळ्या.

यंदा शिमगा झाल्यावर घराचे वासे बदलायला काढले. माळा रिकामा करताना सुताराला एक मुडा सापडला. पेंढ्याचा, सुंभाने करकचून आवळलेला, आपण बियाण्याचं भात बांधून ठेवतो तसाच. जुनं भात असेल, किडलं असेल म्हणून तो खाली टाकणार होता. काकीने त्याला हटकलं आणि मला फोन केला. तुझ्या आयशीचा मुडा हाय, येऊन तूच सोड, एवढंच बोलली. मी आलो. खळ्यात बसून सुंभ सोडला. पेंढ्याच्या आत निर्गुडीचा पाला, हात लावताच भुगा होणारा. त्याच्या आत तुझं जुनं लुगडं. आणि लुगड्याच्या एकेका घडीत एकेक थाळी. मी पहिली बाहेर काढली आणि हातात आडवी धरली, तू धरली होतीस तशी. सपाट. दुसरी सपाट. आये, मी सोळा रेकॉर्ड त्या ओट्याच्या शहाबादी फरशीवर ठेवून डोळा जमिनीला लावून बघितल्या. फरशी एखादवेळेस वाकडी असेल, त्या वाकड्या नव्हत्या. सगळ्यांत खाली सतरावी होती, ती मात्र तशीच, द्रोणासारखी.

हे कसं झालं, ते काकीने सांगितलं. मी ओरडून गेलो त्याच्या पुढच्या वर्षापासून तू सुरुवात केलीस म्हणे. जातं वर्षभर कामात, एक अवस तेवढी त्याची सुटी. त्यातही फाल्गुनातल्या अवसेला ऊन कोवळं आणि वैशाखात वळिवाचा भरवसा नाही, म्हणून चैत्रातली एकच. सकाळी तू दोन्ही तळ्या खळ्यात नेऊन तापवायचीस. वरचेवर तळवा लावून बघायचीस, तव्याला बघतात तसा. तुझ्या मनासारखी ऊब आली की खालच्या तळीवर लुगड्याची घडी, घडीवर थाळी, तिच्यावर परत घडी, आणि मग वरची तळी दोन्ही हातांनी उचलून अलगद ठेवायचीस. आपटायची नाही, घसरवायचीही नाही. मग वर माडाची झापं सावलीला टाकून संध्याकाळपर्यंत गार होऊ द्यायचीस. पहिल्या वर्षी घाईने काढलीस तर ती परत वळली, मग पुढच्या वर्षी तीच पुन्हा. वर्षाला एक. कोणी विचारलं तर बियाणं शेकतेय म्हणायचीस. पुण्याच्या बैठकीत वाकलेली रेकॉर्ड सरळ करायचं एक विलायती यंत्र मी बघितलं आहे. तेही हेच करतं: हळू तापवायचं, सारखं दाबायचं, हळू गार करायचं. मी ते यंत्र बघून मान डोलावली होती. तुला कोणी सांगितलं होतं? तुझ्यापुढे एक वाकलेली वस्तू होती आणि घरातला सगळ्यांत जड, सगळ्यांत सपाट दगड होता.

महाडला नेऊन मी पहिली लावली. सुई टेकली. आधी एक बारीक खसखस आली, लुगडं चालताना वाजतं तशी. भिंगातून बघितलं तर रेघांवर कापडाची वीण अगदी पुसट उमटली आहे, आडवे-उभे धागे. तुझ्या लुगड्याचं पोत. आणि त्या खसखशीतून ती पेटी आली, घुमत, गरगरत, आणि मागून ढोल. मी सहाव्या मजल्यावर होतो आणि तुझ्या ओट्यावरही होतो. खाली दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, मी उठलो नाही. पंधरा दिवसांत सोळाही ऐकल्या. त्यांतल्या एकीची कोरी करकरीत प्रत पुण्यातला एकजण बदलून द्यायला तयार आहे. मी नाही म्हटलं. या संगीताला 'फंकी' म्हणतात, त्या शब्दाचा जुना अर्थ घामाचा वास, असं त्यानेच मला एकदा सांगितलं होतं. कापडाचा वास चाळीस वर्षांत उडून गेला आहे. मी लुगडं नाकाला लावून बघितलं, नुसता पेंढा आणि धूर.

आज येताना यंत्र आणि त्या सोळांतली एक रेकॉर्ड इथे घेऊन आलो आहे. दुपारी तळ्या तापल्यावर हे लिहिणं मध्येच सोडून उठलो आणि काकीने सांगितल्याप्रमाणे सतरावी त्यांच्यामध्ये ठेवली. वरची तळी ठेवताना सुतार आणि मी, दोघे लागलो. तू एकटी ठेवायचीस. मग ओट्यावर यंत्र लावलं. काकीला आता कमी ऐकू येतं, तिने आवाज वाढवायला लावला. बराच वेळ डोळे मिटून बसली, तिची बोटं गुडघ्यावर हलत होती. मग म्हणाली, "खालूबाजाच हाय रे ह्यो. शिमग्याला पालखी नाचवतात तो. मानसं तेवढी लांबची." मी म्हटलं, आयेनं ऐकायला पाहिजे होतं. काकी म्हणाली, तिनं ऐकलं नाय, पन तुला ऐकाया गावलं पायजे म्हनून तिचा जीव अडकलेला. मी तिला शेवटी विचारलंच, मी एवढं बोललो त्याबद्दल ती कधी काही म्हणाली का.

"येकदाच बोलली," ती म्हणाली. "बाबूनं गनपतीत सांगितलं व्हतं, ऊन दाखव म्हनून. त्यानं बरोबर सांगितलं, मीच जास्ती दाखवलं."

ऊन आता कललं आहे. झापं टाकून चार तास होत आले, मी मघाशी कडेने हात लावला, तळी अजून कोमट आहे. काकी म्हणते पुरी गार झाल्याबिगार वरची काढू नको, तुझ्या आयशीनं येकदा घाई केली व्हती. मी घाई करत नाही. ती सपाट निघाली तर तिला इथेच ओट्यावर लावीन, नाही निघाली तर पुढच्या चैत्रातल्या अवसेला पुन्हा येईन. काकी मघापासून विचारते आहे, एवढं काय लिवतोस. मी म्हटलं, काय नाय. हे टपालात टाकायचं नाही आहे, लुगड्याच्या सतराव्या घडीत ठेवीन.

वाळवणाची गोष्ट सांगताना एक वाक्य मी दर वेळी गाळत आलो. वर लिहितानासुद्धा 'सांभाळून ठेव असं काहीतरी' असं लिहून पुढे सरकलो. आये, त्या गणपतीत मी बुरशी पुसता पुसता तुला म्हणालो होतो, पावसाच्या आधी ह्यांना कडक ऊन दाखव. आणि ते मी विसरलो नव्हतो. खळ्यात तुझ्यावर ओरडत होतो, तेव्हाही मला ते आठवत होतं.